कार सीट बदलायची घाई नको: वाढत्या मुलासाठी सीट निवडायची, बसवायची आणि बदलायची कशी

घरात कार सीट आली म्हणजे मूल सुरक्षित झालं असं नाही. बरेचदा ती वय बघून घेतलेली असते, गाडीत सैल बसवलेली असते, आणि मूल जरा मोठं दिसू लागलं की त्याला पुढच्या प्रकारच्या सीटवर बसवलं जातं. यातली शेवटची चूक सगळ्यात घातक, कारण ती कौतुकाने केली जाते. ‘आता मोठा झाला, पुढे तोंड करून बसतो’ असं आपण अभिमानाने सांगतो. खरं तर प्रत्येक पुढच्या टप्प्यावर मुलाला मिळणारं संरक्षण थोडं कमी होतं. म्हणून आहे त्या टप्प्याची उंची किंवा वजनाची मर्यादा पूर्ण वापरून होईपर्यंत मूल तिथेच राहिलं पाहिजे.

मांडीवर घेण्याचा विषय आधी संपवू. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. १० किलोचं बाळ त्या क्षणी २०० किलोचं होतं. ते कुणाच्याही हातात राहत नाही. आजीच्या नाही, बापाच्याही नाही. आईने बाळाला पोटाशी धरून दोघांना मिळून एकच सीटबेल्ट लावला, तर आईचं वजन बाळावर येऊन ते चिरडतं. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनात सुरक्षित न बसवता गाडी चालवली, तर चालकाला १,००० रुपये दंड आहे.

## १. दुकानात जाण्याआधी: मूल मोजा, गाडी तपासा

वय विसरा. लागतात ते तीन आकडे: वजन, उंची, आणि बसल्यावर बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी. वजनासाठी आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग मुलाला कडेवर घेऊन. फरक लिहून ठेवा. उंची भिंतीला टाच आणि डोकं टेकवून, डोक्यावर आडवं पुस्तक धरून मोजा. लहान बाळाची झोपवून. खांद्याची लांबी कुणीच मोजत नाही, पण सीट लहान पडते ती बहुधा तिथेच. एकाच उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. लांब धडाचं मूल सीटमधून लवकर बाहेर पडतं.

आता गाडीकडे चला, सोबत गाडीचं पुस्तक घ्या. त्यात कोणत्या जागी कोणत्या प्रकारचं बालआसन चालतं याचा तक्ता असतो. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाला. आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला जोडायची सोय, असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीचा धातूचा आडवा दांडा हाताला लागेल, आणि साधारण २८ सेंमी अंतरावर त्याचा जोडीदार. आपल्याकडे इथे एक भलतीच अडचण येते. नवी गाडी घरी येण्याआधीच तिच्यावर सीट कव्हर चढतात, आणि हे दांडे, कधीकधी मागच्या बेल्टची बकलंसुद्धा त्याखाली गाडली जातात. कव्हर उचकून बघा. गरज पडली तर तेवढा भाग शिंप्याकडून उघडून घ्या.

कार सीटचा वरचा भाग मागे ओढून धरणारा एक पट्टा असतो. त्या वरच्या पट्ट्याचा हूकही शोधून ठेवा. तो सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाशी किंवा काही गाड्यांत छताला असतो.

सावध: डिकीत सामान बांधायला दिलेला हूक वेगळा. तो धक्क्याला टिकत नाही. पुस्तकात ‘चाइल्ड सीट’ म्हणून दाखवलेला हूकच वापरायचा.

मागच्या मधल्या जागेचा बेल्ट तीन टोकांचा आहे की फक्त कमरेचा, हेही बघा. कमरेच्या बेल्टवर बहुतेक सीट चालत नाहीत. जुन्या जीपसारख्या गाड्यांतल्या आडव्या, समोरासमोरच्या बाकांवर कोणतीच कार सीट बसवू नये.

## २. चारपैकी कोणता टप्पा

मागे तोंड. जन्मापासून इथेच. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं धड पट्टे अडवतात आणि डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या कवचात दाबली जातात आणि जोर सगळीकडे पसरतो.

जुन्या युरोपीय नियमात, म्हणजे आर ४४ मध्ये, ९ किलोला पुढे तोंड करायची मुभा आहे. गुटगुटीत बाळ आठव्या-नवव्या महिन्यातच ९ किलोचं होतं. वजन भरलं म्हणून मान पक्की होत नाही. नव्या आर १२९ नियमाने १५ महिन्यांआधी पुढे तोंड करायला मनाई केली आहे, आणि ती किमान मर्यादा आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सीटची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवायला सांगते. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलं अशी बसतात.

पुढे तोंड, पाच टोकांचे पट्टे. मागे तोंड करायची मर्यादा खरोखर संपल्यावर.

पाठीचा बूस्टर. यात मुलाला गाडीचाच बेल्ट लावायचा असतो. बूस्टर मुलाला उंच करून बेल्ट योग्य जागी आणतो, बाकी काही नाही. आर ४४ मध्ये तो १५ किलोपासून चालतो, पण मुलाला वजनाइतकाच समंजसपणाही हवा. वाकून बाटली उचलणारं, बेल्ट काखेखाली घालणारं साडेतीन वर्षांचं मूल बूस्टरसाठी तयार नाही, भले ते १७ किलोचं असो.

गाडीचा साधा बेल्ट. कधी, ते सातव्या भागात.

पहिलीच सीट घेणार असाल तर माझं स्पष्ट मत असं की, जन्मापासून मागे तोंड आणि नंतर पुढे तोंड अशी दोन्हीकडे चालणारी सीट घ्या आणि तिची मागे तोंड करायची मर्यादा जास्तीत जास्त असू द्या. ‘० ते १२ वर्षं एकच सीट’ हे आकर्षक वाटतं, पण नवजात बाळाला अशी सीट ढगळ होते आणि दहा वर्षांच्या मुलाला अपुरी. घ्यायचीच असेल तर दोन्ही टोकांना मूल बसवून बघा.

## ३. लेबल वाचा

सीटच्या पाठीला किंवा बुडाला बहुधा नारिंगी रंगाचं लेबल असतं. त्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा क्रमांक असतो. आर ४४ असेल तर वजनाचा गट दिसेल, आर १२९ असेल तर सेंटिमीटरमध्ये उंची. भारताचं एआयएस ०७२ हे मानक आर ४४ वर बेतलेलं आहे. दोन्ही मिळत असतील तर आर १२९ घ्या, कारण त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते.

सावध: ‘पोर्टेबल कार सीट’ नावाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कापडी गाद्या आणि पट्ट्यांवर असं लेबल नसेल, तर त्या कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नका. फोम आणि चार बकलं एवढंच त्यात असतं.

जुनी सीट घ्यायची तर ती ओळखीच्या घरातूनच, इतिहास माहीत असेल तेव्हाच. अपघात झालेल्या गाडीतली सीट नको, बाहेरून एक ओरखडा नसला तरी. बुडाच्या प्लास्टिकवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. वापराची मुदत लेबलवर किंवा पुस्तिकेत सापडते.

अमेरिकेतून नातेवाईक सीट आणतात, त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथल्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो ‘लॉक’ होऊन मागे फक्त आवळत जातो, आणि तिथल्या बऱ्याच सीट बेल्टने बसवताना हेच गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट झटका बसला तरच अडकतात. त्यामुळे ती सीट घट्ट बसवली तरी हळूहळू सैल होते. सीटला स्वतःचं बेल्ट-लॉक आहे का, की ती खालच्या दांड्यांना जोडता येते, हे आणणाऱ्याला आधीच विचारा. मर्यादाही पाउंडात असतात: ४० पाउंड म्हणजे सुमारे १८ किलो.

## ४. पैसे देण्याआधी गाडीत लावून बघा

लहान हॅचबॅकमध्ये मागे तोंड केलेली सीट लावली की पुढची सीट सरकवावी लागते. मग पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, आणि तो उंच असेल तर महिन्याभरात ‘पुढे तोंड करूया का’ ही चर्चा घरात सुरू होते. अर्धीअधिक घाई इथून जन्मते. म्हणून दुकानाच्या दारात गाडी आणा. ऑनलाइन घेत असाल तर परत करता येईल याची खात्री करा आणि खोका जपून ठेवा.

बेल्टने बसवायच्या बाळसीटला गाडीचा बेल्ट पुरतो का, हेही इथेच कळतं. काही गाड्यांचे मागचे बेल्ट आखूड असतात. तो वाढवायला मिळणारे जोड-पट्टे वापरू नका.

## ५. जागा ठरवा आणि सीट बसवा

मधल्या जागेवर तीन टोकांचा बेल्ट असेल आणि सीट तिथे पक्की बसत असेल, तर ती जागा उत्तम. आयसोफिक्स मात्र बहुधा दोन्ही कडांना असतं. तेव्हा मागची डावी बाजू निवडा. आपल्याकडे मूल फूटपाथच्या बाजूला उतरतं.

सावध: मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर फुटते आणि बाळ जिवाला मुकू शकतं. २०२२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत ती असणारच असं धरून चाला.

क्रम असा:

1. गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर सीटचा कोन चुकीचा दिसतो.
2. आयसोफिक्स असेल तर कार सीटचे दोन्ही जोड-हात दांड्यांवर ढकला. दोन वेळा ‘टक्’ आवाज आला पाहिजे आणि दोन्ही खुणा हिरव्या. एक हिरवी, एक लाल म्हणजे सीट बसलेली नाही.
3. मग तिसरा आधार. वरचा पट्टा असेल तर तो हूकला लावून ओढा. आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या तळावर घट्ट टेकवा. पायाखाली जाड मॅट नको. पायाच्या जागी गाडीच्या तळात झाकणाचा कप्पा असेल, तर गाडीचं पुस्तक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोकळ झाकण पायाचा भार पेलत नाही.
4. बेल्टने बसवत असाल तर सीटवरच्या रंगाच्या खुणा पाळा. युरोपीय सीटवर मागे तोंड करताना निळ्या, पुढे तोंड करताना लाल. बेल्ट कुठेही पिळलेला नको. गुडघ्याने सीट दाबून धरा आणि सैलपणा खांद्याच्या पट्ट्यातून ओढून घ्या.
5. गाडीचं हेडरेस्ट सीटला पुढे ढकलत असेल तर काढा, पण दोन्ही पुस्तकांत तशी परवानगी असेल तरच.

तपासा: बेल्ट किंवा दांडे जिथे सीटला मिळतात तिथे धरून सीट डावी-उजवी आणि पुढे-मागे हलवा. २.५ सेंमीपेक्षा जास्त हलली तर सोडून पुन्हा बसवा. वरच्या टोकाला धरून हलवू नका. मागे तोंड केलेली सीट वरून थोडी हलणारच.

तपासा: नवजात बाळासाठी सीट साधारण ४५ अंश मागे झुकलेली हवी. बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते. बहुतेक सीटवर कोन दाखवणारी खूण असते.

## ६. मूल बसवणं

सीट छान बसवलेली असते आणि पट्टे सैल असतात. हे इतकं सर्रास दिसतं की या टप्प्यावर वेळ घालवावाच लागेल.

आधी कपडे. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून सीटमध्ये ठेवता येत नाही. दोन पायांमधला पट्टा वर यायलाच हवा. अंगडं-टोपडं चालेल, दुपटं सोडा. थंडीत जाड जॅकेट किंवा फुगीर स्वेटर काढा, कारण धडकेत ते दबतं आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. आधी पट्टे आवळा, मग वरून पांघरूण घाला. सीटसोबत न आलेल्या उशा, गाद्या, पट्ट्यांची कव्हरं काहीही मध्ये घालू नका. बाळ कडेला झुकत असेल तर शरीराच्या दोन्ही बाजूंना टॉवेलची सुरळी चालते, पाठीमागे किंवा पट्ट्याखाली नाही.

मग बूड मागे सारा. मूल पुढे सरकून बसलेलं असताना पट्टे लावले तर मापं चुकतात.

खांद्याच्या पट्ट्यांची उंची दोन्ही दिशांना वेगळी असते, आणि सीट फिरवल्यावर ती बदलायला हमखास विसरतात. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत. पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून.

आता कमरेचा भाग मांड्यांच्या सांध्यावर बसवा, पोटावर नको. बकल लावा, आधी कमरेचा सैलपणा वर ओढून घ्या, मग पुढचा पट्टा ओढा.

तपासा: खांद्याच्या हाडाजवळ अंगठा आणि तर्जनीने पट्ट्याची उभी चिमट काढा. घडी पकडता आली तर पट्टा सैल आहे. बोटं घसरली तर ठीक. दर वेळी करा. कालचे कपडे वेगळे होते.

रडणं हा खरा अडथळा आहे. ‘रडतंय बिचारं, घे ना जरा मांडीवर’ असं मागून कुणीतरी म्हणणारच. गाडी धावत असताना बकल उघडायचं नाही, हा नियम निघण्याआधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आजी-आजोबांना आदराने पण नक्की. रडू थांबत नसेल तर सुरक्षित जागी गाडी थांबवा, बाळाला बाहेर काढा, पाजा, फिरवा, पुन्हा बसवा. पुणे-मुंबई प्रवासात हे घाट सुरू होण्याआधी उरकलं तर बरं, कारण घाटात थांबायला जागा नसते. तसंही दर दोन तासांनी बाळाला सीटमधून काढायलाच हवं, आणि पहिल्या काही आठवड्यांत सलग अर्ध्या तासाहून जास्त प्रवास टाळावा. घरी पोहोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्येच ठेवू नका. पाळण्यात घाला.

## ७. बदलायची वेळ कशी ओळखायची

दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पहिल्या दोन वर्षांत लसीकरणाच्या वेळी वजन-उंची होतेच, तोच आकडा सीटच्या लेबलशी पडताळा.

मागे तोंड करायची मर्यादा दोन गोष्टींनी संपते: लेबलवरचं वजन किंवा उंची गाठली, किंवा डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेला आला. काही उत्पादक २.५ सेंमी जागा राखायला सांगतात, ते पुस्तिकेत असतं. पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकणं हे कारण नाही. मुलं मांडी घालून, पाय वर टाकून आरामात बसतात. पाय अडतात म्हणून सीट फिरवू नका, हे मला या लेखात सगळ्यात ठळकपणे सांगायचं आहे.

पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये खांदे सर्वांत वरच्या पट्ट्याच्या खाचेपेक्षा उंच गेले किंवा वजन संपलं की बूस्टर. आयसोफिक्सवर आर १२९ सीट आणि मूल मिळून ३३ किलोची मर्यादा असते. सीट स्वतःच १२-१४ किलोची असेल तर ती लवकर येते.

बूस्टर सोडायची चाचणी गाडीत, बेल्ट लावून करा. पाठ सीटला पूर्ण टेकली आहे का? गुडघे बैठकीच्या कडेवरून सहज वाकतात का? कमरेचा पट्टा मांड्यांवर आहे का, पोटावर तर नाही? खांद्याचा पट्टा हाडाच्या मध्यावर आहे का, मानेला तर घासत नाही? आणि पूर्ण प्रवासभर मूल असंच बसेल का? एकाचंही उत्तर चुकलं तर बूस्टर चालू ठेवा. बहुतेक मुलांची यातून सुटका १४५ सेंमीच्या आसपास होते, म्हणजे दहा-बारा वर्षांनंतर. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंमी यांतलं जे आधी येईल तोवर बालआसन सक्तीचं आहे, जर्मनीत हीच मर्यादा १२ वर्षं किंवा १५० सेंमी. चौथीतल्या मुलाला ‘बाळासारखं’ वाटतं म्हणून बूस्टर काढून टाकणारे पालक खूप आहेत. मुलाला बेल्ट पोटावर आला तर काय होतं ते सरळ सांगा. त्या वयाला ते कळतं.

## ८. टॅक्सी, ऊन, धुलाई

भाड्याच्या गाडीत मागचे बेल्ट सीट कव्हरखाली दाबलेले असतात. बुक करतानाच ‘मागचे बेल्ट चालू पाहिजेत’ असं सांगा, आणि सामान भरण्याआधी बकल वर काढून ‘टक्’ ऐका. वारंवार टॅक्सीने जात असाल तर बेल्टने बसणारी हलकी सीट उपयोगी.

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू भाजण्याइतका तापतो. सीटवर पांढरं कापड टाकून ठेवा आणि बसवण्याआधी हाताच्या पाठीने बकल तपासा.

कव्हर धुता येतं. पट्टे मात्र वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच लावू नका. ओल्या फडक्याने पुसा. घाटात उलटी झाली की पट्टे भिजवायचा मोह होतो, पण धागे कमकुवत होतात. बकलात बिस्किटाचा चुरा अडकला तर सीटच्या पुस्तिकेप्रमाणे साफ करा. तेल सोडू नका.

अपघात झाला तर सीट बदला, विमा कंपनीकडे दाव्यात तिचा उल्लेख करा. मुदत संपलेली किंवा अपघातातली सीट टाकताना पट्टे कापा आणि कवचावर जाड मार्करने ‘वापरू नये’ लिहा, नाहीतर भंगारातून ती पुन्हा एखाद्या बाळाच्या गाडीत जाऊन बसते.